बॅटरी बदलायच्या आधी प्रोसेसर झोपतो का ते बघा

"ताई, बॅटरी टिकत नाही, नवी टाकून द्या."

आमच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. येणाऱ्याने घरूनच ठरवून आणलेलं असतं. फोन काऊंटरवर ठेवायचा, भाव विचारायचा, संध्याकाळपर्यंत मिळेल का विचारायचं. बॅटरी बदलून देणं आम्हाला सोपं आहे आणि त्यात चार पैसेही सुटतात. तरी मी आधी फोन आत टेबलावर घेते आणि जरा थांबायला सांगते. कारण त्यातल्या बऱ्याच फोनांच्या बॅटरीला काहीही झालेलं नसतं. बॅटरी बिचारी देतच असते, खाणारा दुसरा असतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काऊंटर भाऊ बघतो, आतलं टेबल माझं. कळंब्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून बाहेर पडले तेव्हापासून हातात सोल्डरिंग गन आहे. बॅटरीबद्दल गिऱ्हाईकाला काऊंटरवर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते आज सविस्तर लिहिते आहे.

फोन टेबलावर आला की मागचं पॅनेल उघडायचं, बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि त्या जागी डीसी सप्लायची, म्हणजे हवं तेवढं व्होल्टेज देऊन करंट मोजून दाखवणाऱ्या यंत्राची, बूट केबल लावायची. सप्लाय ४ व्होल्टवर ठेवायचा. आता फोन माझ्या सप्लायवर चालतो आणि कोणत्या क्षणाला किती करंट ओढतो ते समोर आकड्यात दिसतं. चालू होताना आकडा उड्या मारतो, अधूनमधून एक अँपिअरच्याही वर जातो. होम स्क्रीन आली आणि बोट लावायचं थांबवलं की ०.२५ ते ०.३० च्या आसपास येऊन बसतो. मग मी स्क्रीन बंद करते. आकडा ०.१० च्या आसपास थोडा घुटमळतो आणि एकदम खाली येतो, ०.०१ किंवा ०.०२. मला बघायचा असतो तो हा शेवटचा उतार. प्रोसेसर झोपला, म्हणजे काम थांबवून जवळजवळ बंद झाला, याची ती खूण.

याचा हिशोब करून बघा. ५००० एमएएचची बॅटरी, सरासरी व्होल्टेज ३.८५ धरलं तर साधारण १९ वॉट-तास ऊर्जा साठवते. फोन सरासरी १ वॉट ओढत असेल तर १९ तास चालेल. जोरदार गेम लावली आणि ४-५ वॉट ओढायला लागला तर चार-पाच तास. आणि स्क्रीन बंद, प्रोसेसर झोपलेला, ०.०१५ अँपिअरवर पडून असेल तर हाच फोन साधारण तेरा दिवस नुसता पडून राहू शकतो. एकाच बॅटरीचे चार तासही होतात आणि तेरा दिवसही. म्हणून बॅटरी किती मोठी आहे हा प्रश्न मी नंतर विचारते.

महाद्वार रोडवर ओटीचं सामान विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. त्यांच्या फोनची बॅटरी आधी दुसरीकडे बदलूनही झाली होती. तरी रात्री झोपताना ऐंशी टक्के असलेला फोन सकाळी साठच्या आसपास. पहाटे दुकान मांडायला निघायचं, त्यात गिऱ्हाईकाने ऑनलाइन पैसे दिले की नाही हे फोनवरच कळणार. दुपारी फोन बंद पडला की धंदा अडतो. सप्लायला लावला, स्क्रीन बंद केली आणि आकडा खाली यायलाच तयार नाही. ०.०८, मग ०.२२, परत ०.०९, परत ०.१५. आतमध्ये कोणीतरी प्रोसेसरला सतत हलवून उठवत होतं.

अशा वेळी मी फोन सेफ मोडमध्ये चालू करते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवरचं बटण दाबून 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवलं की सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. मावशींचा फोन सेफ मोडमध्ये आला, स्क्रीन बंद केली, आणि आकडा गुमान ०.०१ वर जाऊन बसला. म्हणजे बोर्डात कुठे करंट गळत नाही, बॅटरीचा दोष नाही. दोष एका ॲपचा. फोन साफ करतो, बॅटरी वाढवतो असं सांगणारं ॲप होतं ते. ते दर थोड्या वेळाने उठायचं, बाकीची ॲप बंद करायचं, ती ॲप परत चालू व्हायची, की हे परत उठायचं. ते काढलं. सरासरी ०.१० अँपिअर म्हणजे आठ तासांच्या रात्रीत बॅटरीचे १६-१७ टक्के जातात. झोपलेल्या फोनचे दोन-तीन टक्के. मावशींचे जात होते ते टक्के हेच.

अँड्रॉइडमध्ये ॲपला प्रोसेसर जागा ठेवण्याची परवानगी मागता येते, तिला वेक लॉक म्हणतात. गाणं ऐकताना स्क्रीन बंद झाली तरी गाणं चालू राहतं ते त्यामुळेच. सोय चांगली आहे, पण घेतलेला लॉक ॲपने वेळेवर सोडला नाही तर फोन खिशात जागाच राहतो. याच्यावर इलाज म्हणून २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आला. फोन स्थिर पडून असेल तर सगळ्या ॲपची कामं अडवून ठेवायची आणि मधूनमधून एकदम उरकू द्यायची. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये अडॅप्टिव्ह बॅटरी आली, ती तुम्ही कोणतं ॲप किती वापरता ते बघून क्वचित लागणाऱ्याला मागे ठेवते. या दोन गोष्टी चालू असतील तर निम्मं काम फोन स्वतःच करतो. पण नवं ॲप टाकताना 'बॅटरीचे निर्बंध काढा' अशी चौकट येते आणि आपण न वाचता 'हो' म्हणतो. तिथून ते ॲप या पहाऱ्यातून सुटतं. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन बॅटरीत बघा, 'अनरिस्ट्रिक्टेड' कोणाकोणाला दिलंय. व्हॉट्सॲपला असेल तर समजू शकते. वॉलपेपर बदलणाऱ्या ॲपला ते कशासाठी?

आता वेगाचं बोलू. लोकांना वाटतं, प्रोसेसर जितका वेगवान तितकी बॅटरी जास्त खाणार, म्हणून वेग कमी केला की बॅटरी वाढली. हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळे बरीच माणसं फोन उगाच संथ करून बसतात.

प्रोसेसर काम करताना जी पॉवर ओढतो ती तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: आतल्या सर्किटची कपॅसिटन्स (चार्ज धरून ठेवायची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि क्लॉकचा वेग. नुसता वेग निम्मा केला तर पॉवर निम्मी होईल, पण तेच काम करायला वेळ दुप्पट लागेल, म्हणजे हाती काहीच लागलं नाही. खरी मेख त्या व्होल्टेजच्या वर्गात आहे. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येतं. त्यामुळे वरच्या टोकाचा थोडासा वेग फार महाग पडतो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या पॅनेलचं काम करणारे एक काका आहेत, त्यांना मी हे सांगायला घेतलं तर त्यांनीच वाक्य पुरं केलं. "व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावून ब्लोअरचा वेग वीस टक्के उतरवला की पॉवर निम्म्याला येते, तसंच की हे!" अगदी तसंच. कारण वेगळं आहे, पण गणित जवळपास तेच, घनाच्या चालीने चढणारं.

मग वेग उतरवूनच टाकावा का? सॅमसंगच्या फोनात पॉवर सेव्हिंगमध्ये सीपीयूचा, म्हणजे मुख्य प्रोसेसरचा, वेग ७० टक्क्यांवर रोखायचा पर्याय असतो. मला त्याबद्दल खूप जण विचारतात, म्हणून हिशोब मांडते. समजा एखादं काम करताना प्रोसेसर पूर्ण वेगात २ वॉट ओढतो आणि स्क्रीन, रॅम, बाकीचं सगळं मिळून १ वॉट. एकूण ३. वेग ७० टक्के केला, त्याबरोबर व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं असं धरू. प्रोसेसरची पॉवर ०.८ च्या वर्गाला ०.७ ने गुणून, म्हणजे ४५ टक्क्यांवर, ०.९ वॉट. वा! पण काम संपायला वेळ लागतो १.४३ पट, आणि तितका जास्त वेळ स्क्रीन आणि बाकीचं १ वॉट ओढतच राहतं. एकूण १.९ गुणिले १.४३, म्हणजे साधारण २.७. वाचले दहा टक्के. आता हलकं काम घ्या, जिथे प्रोसेसर अर्धा वॉटच ओढतो आणि बाकीचं १ वॉट. पूर्ण वेगात दीड. वेग उतरवल्यावर १.२२ गुणिले १.४३, म्हणजे पावणेदोन. वाचायच्या ऐवजी जास्तच गेलं!

आकडे समजण्यासाठी घेतलेत, प्रत्येक फोनचे वेगळे असतील. पण गोष्ट खरी आहे. स्क्रीन लावून काम संपायची वाट बघत बसायचं असेल, तर वेगाने काम उरकून प्रोसेसरला परत झोपू देणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. वेग रोखायचा फायदा होतो तो तासन्‌तास चालणाऱ्या जड कामात. गेममध्ये होतो. किंवा प्रवासात, जिथे फोन संथ चालला तरी चालेल, पण रात्रीपर्यंत पुरला पाहिजे. 'हाय परफॉर्मन्स' नावाचा पर्याय मात्र रोजच्या वापराला कधीच चालू ठेवू नका. तो प्रोसेसरला वरच्या वेगाकडे ढकलत राहतो, आणि मेसेज वाचताना त्याचा काडीचा उपयोग नसतो.

तसंही फोनमधला प्रोसेसर एका वेगाने चालतच नाही. किती काम आलंय ते बघून त्याचा वेग आणि व्होल्टेज सेकंदात कितीतरी वेळा बदलतं. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) हे ठरवणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवून, हा गव्हर्नर आणि वेग हाताने बदलायचं वेड मधल्या काळात कोल्हापुरातल्या पोरांनाही होतं, आणि त्या वेळच्या फोनांत त्याचा फरकही पडायचा. २०१६ मध्ये आलेला 'शेडयुटिल' गव्हर्नर आता कामाचा अंदाज थेट शेड्यूलरकडूनच, म्हणजे प्रोसेसरला कामं वाटून देणाऱ्या भागाकडूनच, घेतो. त्यामुळे हाताने मिळवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

शिवाय बऱ्याच फोनांच्या प्रोसेसरमध्ये कामं वाटून घेणारे आठ भाग, म्हणजे कोअर, असतात. ते आठही सारखे नसतात. प्रोसेसरचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र बसवायची पद्धत जाहीर केली. जड कामाला मोठे, किरकोळ कामाला छोटे. वर्षानुवर्षं सगळे तोच कित्ता गिरवत होते. मग २०२३ मध्ये मीडियाटेक कंपनीने डायमेन्सिटी ९३०० हा प्रोसेसर आणला, त्यात छोटे कोअर ठेवलेच नाहीत. आर्मचे चार एक्स-४ आणि चार ए-७२० कोअर, सगळे दमदार. काम पटकन उरकून झोपी जायचं, यावर त्यांनी सगळा भार टाकला. हा निर्णय मला फार आवडला, कारण मी माझ्या सप्लायवर रोज बघते ते तेच आहे.

यूट्यूबवरच्या एका सल्ल्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन 'बॅकग्राऊंड प्रोसेस लिमिट' शून्य किंवा एक करा म्हणतात. कृपा करून करू नका. तसंच रिसेंटमधून सगळी ॲप उठसूट सरकवून काढू नका. मागे शांत पडलेलं ॲप रॅममध्ये असतं, ते प्रोसेसरला त्रास देत नाही. तुम्ही ते मारून टाकलं की पुढच्या वेळी शून्यापासून उघडावं लागतं, फाइली वाचायच्या, सगळं परत उभं करायचं, आणि तेवढा वेळ प्रोसेसर वरच्या वेगाला जातो. ॲप उघडताना सप्लायचा आकडा कसा उसळतो ते एकदा बघितलं की ही सवय आपोआप सुटते.

प्रोसेसर म्हणजे फक्त सीपीयू नव्हे. नेटवर्कशी बोलणारा मॉडेम हाही प्रोसेसरच, आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या बाजूने येणाऱ्या गिऱ्हाईकांच्या बॅटरीचं दुखणं बहुतेक तिथेच असतं. "ताई, कोल्हापुरात आलो की बरोबर चालतोय, गावात दुपारीच संपतोय." टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकदीने सिग्नल फेकावा लागतो, आणि सिग्नल तुटत राहिला की शोधत राहावं लागतं. ५जीची एखादीच काडी येऊन-जाऊन असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जीवर ठेवा. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. नवी बॅटरी टाकून गावातला टॉवर जवळ येणार नाही.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्यांचं मोबाईलवरून लाईव्ह करणारी पोरंही येतात. "दीदी, पॉवर बँक लावूनसुद्धा चार्ज उतरतोय." उतरणारच. उन्हात फोन, ब्राइटनेस फुल्ल, कॅमेरा चालू, व्हिडिओ जागच्या जागी एन्कोड होतोय, डेटा अखंड वर जातोय, आणि वरून चार्जिंगची उष्णता. फोन तापला की दोन गोष्टी एकदम होतात. चिपमधून फुकट गळणारा करंट वाढतो, आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसर वेग तोडतो, चार्जिंगही कमी घेतो. मग व्हिडिओ अडकायला लागतो, नेमका गोलच्या वेळी. या पोरांना मी सांगते, व्हिडिओ सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेमवर ठेवा, कव्हर काढा, ट्रायपॉडला छोटी छत्री बांधा, ब्राइटनेस दिसेल एवढाच. एकाने छत्री बांधली, आता त्याचा अख्खा सामना निघतो.

बॅटरी बदलायची वेळ खरोखर येते ती वेगळ्या तक्रारीला. "तीस टक्के दाखवत होता आणि कॅमेरा उघडला तर फटकन बंद." हे लवकर उतरणं नव्हे. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वरचा वेग रोखला होता तो याच कारणाने. ते वापरणाऱ्यांना नीट सांगितलं नाही म्हणून मोठा गदारोळ झाला, डिसेंबरमध्ये कंपनीने खुलासा केला आणि बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. तांत्रिक कारण मला पटतं. न सांगणं पटत नाही. फोन ज्याचा, त्याला कळायलाच हवं. तेव्हा फोन असा अचानक बंद पडत असेल, किंवा मागचं पॅनेल उचलल्यासारखं दिसत असेल, तर थांबू नका. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नका, सरळ घेऊन या.

नवा फोन घेताना लोक गिगाहर्ट्झ विचारतात. त्यापेक्षा चिप किती नॅनोमीटरची, म्हणजे तिची आतली बांधणी किती बारीक, ते विचारा. आकडा लहान तितकं बरं. मीडियाटेकच्या हेलिओ जी-८५ आणि जी-९९ या चिप घ्या, दोन्ही ऑक्टा (आठ) कोअर, वेग २.० आणि २.२ गिगाहर्ट्झ. कागदावर फरक नगण्य वाटतो. पण पहिली १२ नॅनोमीटरची, दुसरी ६ ची, आणि दुसरीचे मोठे कोअरही नव्या पिढीचे. वेग जास्त असूनही तेवढ्याच कामाला ती कमी ओढते. याच्याहून बोलकं उदाहरण २०२२ मधलं आहे. क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ चिप सॅमसंगच्या कारखान्यात बनायची आणि तापायची. जवळपास तोच आराखडा घेऊन ८ प्लस जेन १ टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे बनवली. मोठ्या कोअरचा वेग ३ वरून ३.२ गिगाहर्ट्झ केला, आणि तरी क्वालकॉमने पॉवर ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते असं सांगितलं. वेग वाढला आणि खाणं घटलं. त्यामुळे नुसत्या गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून बॅटरीचा अंदाज बांधायला जाऊ नका.

दुकानात येणार असाल तर एक करा. फोन रिसेट मारून आणू नका, खाणाऱ्याचा पुरावाच पुसला जातो. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून काढा, सकाळी उठल्यावर टक्के बघा, दिवसभर नेहमीसारखा वापरा, आणि संध्याकाळी चार्जरला न लावता तसाच घेऊन या. बॅटरी युसेजमधले आकडे बऱ्याच फोनांत शेवटच्या पूर्ण चार्जपासूनचे असतात, ते मला बघायचे असतात. पॅटर्न लॉक आठवणीने सांगा, आणि रात्री किती टक्के उतरली ते कागदावर लिहून आणलंत तर फारच बरं.